दोन पानांच्या करारनाम्याबद्दल आमचं उत्तर

राम राम भाऊ,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की डाळीच्या पाकिटाचं डिझाइन करून द्यायच्या साध्या करारनाम्यासाठी आम्ही तासभर प्रश्न विचारले, ५०० चा स्टॅम्प माथी मारला, आणि असा नमुना नेटवर फुकट मिळतो.

मिळतो ना. तुम्ही मोबाइलवर आणलेला नमुना आम्हीही वाचला. वाद झाला तर बंगळुरूच्या कोर्टात जायचं, असं होतं त्यात. तुम्ही जळगावचे, पार्टी, म्हणजे डाळ मिलवाले, याच जिल्ह्यातली. थोड्याशा थकबाकीसाठी बंगळुरू कोण गाठणार?

राहिले प्रश्न. ‘पसंत पडेपर्यंत बदल करून देईन’ अशी तुमची ओळ होती. कोणाला पसंत पडेपर्यंत? (मिलमध्ये तीन भाऊ असले की रंगावर तीन मतं येतात, हे आम्ही रोज बघतो.) विचारल्यावर तुम्हीच म्हणालात, तीन वेळा फुकट, पुढे पैसे. तेच लिहिलं. तसंच ‘काम झाल्यावर पेमेंट’. काम झालं म्हणजे नमुना पसंत पडला तेव्हा, की पाकिटं छापून आली तेव्हा? म्हणून अर्धे ॲडव्हान्स आणि बाकी फायनल फाइल दिल्यापासून पंधरा दिवसांत, असं टाकलं. कोरलची (डिझाइनच्या सॉफ्टवेअरची) ओपन फाइल, म्हणजे ज्यात पुढे बदल करता येतात ती मूळ फाइल, द्यायची की नाही, हेही विचारलं, कारण भांडण नेमकं तिथेच होतं.

स्टॅम्पचं म्हणाल तर १६ ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १००-२०० च्या जागी ५०० लागतात. ते पैसे सरकारजमा होतात. स्टॅम्प नसला म्हणून करार खोटा ठरत नाही, पण कोर्टात पुरावा म्हणून दाखवायची वेळ आली की आधी शुल्क आणि दंड भरावा लागतो. नोटरी अशा कामाला सक्तीची नाही, म्हणून ती आम्ही सुचवलीसुद्धा नाही.

पुढच्या पार्टीसाठी हाच मसुदा वापरा. नाव, काम, रक्कम, तारखा तेवढ्या बदला. फक्त पूर्ण पैसे मिळाल्यावरच डिझाइनची मालकी पार्टीकडे जाईल, ही ओळ काढू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मालकी लेखी सही करूनच देता येते आणि मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं धरतात. त्यामुळे पार्टी कायमची मालकी मागणारच. तेव्हा रेट त्या हिशेबाने सांगा.