‘आत्म्याची नऊ फळे’ या संदेशाबाबत खुलासा
पवित्र आत्मा प्रत्येक विश्वासणाऱ्याला नऊ फळांपैकी, म्हणजे प्रीती, आनंद यांसारख्या गुणांपैकी, एकच देतो, त्यामुळे ज्याला आनंद मिळाला त्याने सहनशीलतेची चिंता करू नये, असा संदेश सध्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) गटांत फिरत आहे. बायबलमधील गलतीकरांस पत्र ५:२२-२३ मध्ये मात्र मूळ ग्रीक शब्द ‘कार्पोस’ एकवचनी आहे आणि प्रचलित मराठी पवित्र शास्त्रातही ‘फळ’ असेच एकवचन आहे. म्हणजे प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंतचे नऊही गुण एकाच जीवनात एकत्र वाढायचे आहेत. वाटून दिली जातात ती कृपादाने, म्हणजे आत्म्याने दिलेल्या विशेष देणग्या, आणि त्यांचे वर्णन करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १२व्या अध्यायात आहे. गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा, कारण त्या यादीतही नऊच दाने आहेत. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.