समोशाचा फलक आणि बिस्किटांचे पाकीट

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या एम्सचे नाव देशभर गाजले, ते समोसा-जिलबीमुळे. कॅन्टीनमध्ये पदार्थांतील तेल-साखरेचे प्रमाण सांगणारे फलक लावावेत, एवढीच केंद्रीय आरोग्य खात्याची मूळ सूचना होती. पण समोशावर सिगारेटसारखा इशारा छापणार अशा बातम्या झाल्या, यथेच्छ थट्टा झाली आणि अखेर केंद्र सरकारला खुलासा करावा लागला. या गदारोळात वाढत्या मधुमेहाचा आणि लठ्ठपणाचा मूळ मुद्दा मात्र वाहून गेला.

मधुमेहाविषयीच्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि पोटाचा घेर प्रमाणाबाहेर असलेल्यांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात आहे. आपल्याकडे वजनकाट्याइतकीच मोजपट्टीही महत्त्वाची का, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण देऊन दाखवले. त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता; पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के. हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, यकृताभोवती साठलेली, अशी आपली ठेवण असल्यामुळे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासे होते, आणि माणूस मात्र "मी कुठे लठ्ठ आहे?" म्हणून निर्धास्त राहतो. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही कंबरेची मर्यादा मानली जाते. घरोघरी येणाऱ्या आशाताईंच्या अर्जातही कंबरेचे माप विचारलेले असते. ते 'अंदाजे' न सांगता मोजू द्यावे.

एवढे सांगितले की लगेच उपदेश सुरू होतो: तोंडावर ताबा ठेवा, सकाळी फिरायला जा. नागपुरात अंबाझरी, फुटाळा तलाव किंवा सेमिनरी हिल्सच्या जवळ राहणाऱ्याला हे जमेल. मिहानमधल्या कंपन्यांत रात्रपाळी करून सकाळी घरी परतणाऱ्याने मे महिन्यात, आठ वाजताच ऊन चटके देत असताना, नेमके केव्हा फिरावे? आणि तर्रीपोह्यांविषयी बोलायचे, तर त्यात काय आहे हे कोणापासूनही लपलेले नाही. लाल तेलाचा तवंग डोळ्यांसमोर पळीने ओतला जातो, वर मूठभर चिवडा पडतो, आणि खाणारा (मीही त्यातलाच) ते समजून-उमजून खातो.

लपलेले असते ते पाकिटात. मुलाच्या डब्यातले पाच रुपयांचे बिस्किटांचे पाकीट उलटून पाहा: समोर गव्हाच्या लोंब्या आणि दुधाचा पेला, तर साखरेचा आकडा मागे, शिवणीजवळ, आजोबांना भिंग घेऊनही वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत. चिलीने २०१६ पासून अशा पाकिटांच्या दर्शनी भागावर काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये इशाऱ्याऐवजी पदार्थ किती चांगला हे दाखवणाऱ्या चांदण्या देण्याचा मसुदा काढला, म्हणजे गोड बिस्किटालाही एखाददुसरी चांदणी मिळण्याची सोय झाली. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हा साखरयुक्त शीतपेयांवर ४० टक्के कर ठेवला हे योग्यच झाले. पण त्याच फेरबदलात बिस्किटांवरचा कर १८ वरून आणि पाकीटबंद नमकीनवरचा १२ वरून थेट ५ टक्क्यांवर आला. एका खात्याने फलक लावायचे आणि दुसऱ्याने तोच माल स्वस्त करायचा, याला धोरण कसे म्हणावे?

पाकिटावरचा इशारा आणि कर हे दिल्लीचे विषय आहेत, हे मान्य. पण शाळांभोवती काय विकले जावे, रेशनवर गहू-तांदळाच्या जोडीला विदर्भाचीच ज्वारी नियमित मिळावी की नाही, पदपथांवर सावलीची झाडे असावीत की नाही, हे मुंबईत आणि आपल्या महापालिकेत ठरू शकते. हिवाळी अधिवेशनासाठी सरकार नागपुरात मुक्कामाला येते, तेव्हा या तीन गोष्टींवर शहरातल्या आमदारांनी प्रश्न लावावेत. तेल-साखरेचा फलकही हवाच असेल, तर पहिला आमदार निवासाच्या कॅन्टीनमध्ये लावायला हरकत नाही.