फोटोतली गाडी माझीच, पण...

‘खारफुटी वाचवा म्हणणारे स्वतः मात्र नव्या डिझेलच्या एसी गाडीतून फिरतात’ असा मजकूर एका फोटोसह नेरुळमध्ये फिरतोय. गाडी माझीच आहे. नवी डिझेलची मात्र नाही, जुनी, सीएनजीवरची. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आईला तिच्यातूनच नेते, आणि पुढेही नेणार.

पण त्यामुळे खाडीकाठची ही झाडं वाचवण्याची मागणी खोटी कशी ठरते? खारफुटीची तोड म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. त्याच आदेशानुसार खारफुटीभोवतीचे ५० मीटरही मोकळे ठेवायचे आहेत. तक्रारदाराकडे गाडी असली तरी हा आदेश बदलत नाही. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. भरतीचा जोर खारफुटीच अडवते. तिथे राडारोडा टाकला, तर पाणी आपल्याच तळमजल्यांत शिरेल.

तक्रारअर्ज माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी डीपीएस तलावापाशी या, वाचा, पटलं तर सही करा.