तीन लाख तोळे आणि घाटातली बस

'द इटालियन जॉब' नावाचे दोन सिनेमे आहेत. एक 1969 चा, ब्रिटिश, मायकल केनचा. दुसरा 2003 चा, अमेरिकन, मार्क वॉलबर्ग आणि शार्लीझ थेरॉनचा. दोन्हींत सोनं चोरतात आणि दोन्हींत ते तीन मिनी कूपरमध्ये भरून पळवतात. जुना 99 मिनिटांचा, नवा 111. म्हणजे साडेतीन तासांत दोन्ही बघून सरस कुठला ते ठरवता यावं. हा हिशेब एकट्या माणसाचा. आमच्या हॉलमध्ये आई असते, बायको असते, कॉलेजात जाणारी लेक असते आणि नाना असतात. नाना म्हणजे माझे थोरले काका. एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाले, पण कागदोपत्री.

जुना सिनेमा सुरू होतो आल्प्सच्या वळणांवर. नारिंगी लॅम्बोर्गिनी मिउरा, मागे संथ गाणं, ड्रायव्हरच्या ओठांत सिगारेट. मी 'वा' म्हणेपर्यंत नाना म्हणाले, "एका वळणावर हॉर्न दिला नाही यानं." गाडी भरधाव बोगद्यात शिरली आणि आतल्या बुलडोझरवर आदळून पेटली. "बघ," नाना म्हणाले आणि तक्क्याला टेकले. त्या क्षणापासून सिनेमाचा ताबा त्यांच्याकडे गेला.

बेत तसा सोपा आहे. तुरीन शहरात चाळीस लाख डॉलरचं सोनं यायचंय. वाहतूक नियंत्रणाच्या कॉम्प्युटरची टेप बदलायची, सगळ्या शहराचा चक्का जाम करायचा आणि कोंडीत कुणाची गाडी हलत नसताना आपण दहा फुटी मिनी काढून निसटायचं. पुण्यात टेप बदलण्याचीही गरज पडली नसती, असं लेक म्हणाली. पण आई चाळीस लाख डॉलरवर अडकली होती.

"म्हणजे किती तोळे?"

आमच्या घरात हा प्रश्न टाळता येत नाही. सिनेमा थांबवला. तेव्हा सोन्याचा सरकारी भाव औंसाला 35 डॉलर. चाळीस लाख भागिले 35, म्हणजे एक लाख चौदा हजारांच्या आसपास औंस, म्हणजे साडेतीन टन. जुना तोळा धरला तर तीन लाख तोळे, हल्लीचा दहा ग्रॅमचा धरला तर साडेतीन लाख. आईनं डोळे मिटले. मग म्हणाली, "आणि आम्हाला बिस्किट घरात ठेवायची चोरी होती." खरंच होती. सिनेमा येण्याच्या आदल्याच वर्षी आपल्याकडे सुवर्ण नियंत्रण कायदा झाला होता. दागिने चालत, सोन्याची लगड घरात सापडली तर गुन्हा. कायदा रद्द व्हायला 1990 उजाडलं.

आकडा ऐकून नाना सरळ होऊन बसले. "साडेतीन टन, गाड्या तीन. म्हणजे एकीत जवळजवळ बाराशे किलो. गाडीचं स्वतःचं वजन किती?"

साडेसहाशेच्या आसपास, मी म्हणालो.

"पाटे बसतील!" नाना ओरडले. मिनीला पाटे नसतात, तिच्या सस्पेन्शनमध्ये रबर आहे, हे सांगण्यात अर्थ नव्हता. पडद्यावर तेव्हा त्या तीन गाड्या, लाल, पांढरी, निळी, बाराशे-बाराशे किलो पोटात घेऊन पायऱ्या उतरत होत्या, बाजाराच्या कमानींखालून जात होत्या, फियाटच्या कारखान्याच्या एका छपरावरून दुसऱ्यावर उडी मारत होत्या, पो नदीचा बंधारा ओलांडत होत्या. हा भाग मला इतका आवडतो की मी तो पुन्हा लावला असता. नाना प्रत्येक उडीला "गेला, ॲक्सल गेला" म्हणत राहिले. यातली आणखी एक गंमत मी मोठ्या हौसेनं सांगितली. फियाटनं निर्मात्यांना आपल्या हव्या तितक्या गाड्या देऊ केल्या होत्या, पण चोर ब्रिटिश म्हणून गाडीही ब्रिटिशच हवी, असा हट्ट धरून त्यांनी नाही म्हटलं. मिनीवाल्यांनी मात्र हात आखडता घेतला. "फुकट मिळत असताना विकत?" आईचं मत त्या मंडळींविषयी तिथंच कायमचं बिघडलं.

शेवट तर नानांसाठीच लिहिला असावा. तिन्ही मिनी चालत्या बसमध्ये चढतात. बस बघून नाना पडद्याजवळ गेले. "पुढं चार चाकं आहेत रे, चारी वळतायत!" बरोबर होतं. ती बेडफर्ड व्हॅल जातीची बस, तिला पुढे दोन वळणारे ॲक्सल असतात. मला ती बस वीस वेळा बघूनही दिसलं नव्हतं. मग घाटात चोरांचा आनंदोत्सव, ड्रायव्हर बेफिकीर, गाडी घसरते आणि मागचा अर्धा भाग दरीवर लोंबकळतो. माणसं पुढे, सोनं मागे, आणि कुणी हात पुढे केला की सोनं आणखी मागे. मायकल केन म्हणतो की त्याला एक भारी कल्पना सुचलीय. सिनेमा संपतो.

"लाव की पुढचं," आई म्हणाली.

पुढचं नाहीये, हे पटवायला मला सिनेमाच्या निम्मा वेळ लागला. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं या बसवर चक्क स्पर्धा ठेवली आणि 2009 च्या जानेवारीत निकाल लावला, हेही सांगून पाहिलं. जिंकलेला तोडगा असा: मागच्या काचा बाहेरच्या बाजूला फोडा, एकाला उलटा धरून पुढच्या चाकांची हवा काढा, डिझेल सोडून द्या, मग एकानं उतरून पुढे दगड भरावेत. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "दगड भरायच्या आधी," ते म्हणाले, "त्या ड्रायव्हरला सस्पेंड करा."

नव्या सिनेमाला बसलो तेव्हा चहा झाला होता आणि बायको मैदानात उतरली होती. जुन्यात नायकाच्या मैत्रिणीला ऐन कामाच्या आधी विमानानं परत पाठवतात, हे तिनं टिपून ठेवलं होतं. नव्यात तिजोरी फोडते शार्लीझ थेरॉन, लॉस एंजेलिसमध्ये मिनी पळवते तीच. "आणि तुमच्या मायकल केनकडे तेव्हा लायसन तरी होतं का?" नव्हतं. ही माहिती मीच कधीतरी जेवताना दिली होती.

इटली म्हणाल तर नव्यात सुरुवातीला व्हेनिस, पुढे बहुतेक सगळं कॅलिफोर्निया. प्रत्येक गोष्टीला कारण आहे. सोनं का हवं? सूड घ्यायचाय. जुन्यात हवं होतं म्हणून हवं होतं, आणि मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. पण आईला नवा सिनेमा पटला, कारण त्यात एकसारख्या तीन चिलखती गाड्यांमधून सोनं कुठल्या गाडीत आहे ते चोर ओळखतात, ती गाडी वजनानं किती दबलीय यावरून. "यांना निदान तोळा कळतो." नानाही गप्प झाले, कारण मिनीचं सस्पेन्शन आधी तयार करून घेतलेलं होतं. 2003 च्या भावानं साडेतीन कोटी डॉलरचं सोनंही तीन टनांच्या आसपासच भरतं, म्हणजे चौतीस वर्षांत डॉलर वाढले, ओझं तेवढंच राहिलं. मेट्रोच्या बोगद्यात पेट्रोलच्या गाड्या चालत नाहीत म्हणून शूटिंगला विजेवर चालणाऱ्या तीन मिनी बनवल्या होत्या, हे कळल्यावर तर नाना म्हणाले, "नियमानं काम करणारी माणसं आहेत."

हे चोरांविषयी.

मतदान झालं. नवा चार, जुना एक. सुटाबुटातले ब्रिटिश चोर, ती बाष्कळ बडबड, शेवट न सांगण्याचा आगाऊपणा, यातलं काहीही मला कुणाच्या गळी उतरवता आलं नाही. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी रिमोट उचलणार, तेवढ्यात लेक म्हणाली, "याचा हिंदीही आहे. 'प्लेयर्स', 2012, अब्बास-मस्तान. मिनी आहेत त्यात. ओमी वैद्यपण आहे."

"तो आपला ओमी?" बायको परत बसली.

"सोनं कुठलं?" आई.

रशियातलं, रेल्वेतून जाणारं, लेक म्हणाली.

"रशिया?" नानांनी शाल घट्ट केली. "म्हणजे रस्त्यावर बर्फ. लाव."