सुताराच्या घरातला कोरा रकाना

इंग्लंडच्या जुन्या जनगणनेचे कागद वाचायचा मला नाद आहे. १८५१ पासून त्यात प्रत्येकाचं घरच्या कर्त्याशी नातं, वय, व्यवसाय, जन्मगाव सगळं मिळतं. खेड्यातल्या सुताराचं घर चटकन सापडतं. नवरा, सुतार. थोरला मुलगा, सुतार. घरात राहणारा परका पोरगा, सुताराचा शिकाऊ. बायकोच्या नावापुढे मात्र बहुतेक वेळा काहीच नाही.

हा कोरा रकाना खोटं बोलतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिकाऊ पोरगा साधारण सात वर्षांच्या कराराने यायचा. धन्याने काम शिकवायचं आणि खाऊपिऊ घालून घरात ठेवायचं, असा जुना करार. शिकवायचा सुतार. पण पोराला रोज जेवू घालायची, त्याचे भुशाने माखलेले कपडे धुवायची ती बाई. निम्मा करार तिने निभावला, सही नवऱ्याची.

गावचा सुतार दारं, खिडक्या, शेताची फाटकं करायचा आणि शवपेट्याही. प्रेत घरातच ठेवलेलं असे, म्हणून पेटी दोन-तीन दिवसांत द्यावीच लागे. मग मेणबत्तीच्या उजेडात रात्रभर काम. एल्म नावाच्या झाडाच्या फळ्या आधीच वाळवून ठेवलेल्या असत, इंचभर जाडीला एक वर्ष असा हिशेब. एल्मचे रेषे एकमेकांत गुंतलेले, त्यामुळे तो सहज चिरत नाही आणि ओलीत टिकतो. पेटी खांद्याजवळ रुंद असते, तिथे फळी वाकवायची तर आतून करवतीने अर्धवट चिरा पाडून वर कढत पाणी ओतायचं. ते पाणी कुणाच्या चुलीवर तापत होतं?

त्या काळी इंग्लंडात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे १५० वर्षाच्या आत दगावत. सुताराचं घर यातून सुटलेलं नव्हतं. स्वतःच्याच लेकरासाठी बापाने फळीवर रंधा मारायचा, आईने आतलं अस्तर शिवायचं. ही रात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आपल्याकडे सुताराला बलुतं होतं, तिथे उधारीची वही. बरेच शेतकरी वर्षाकाठी एकदा पैसे चुकते करत. मधले महिने निघायचे परसातल्या बटाट्यांवर, पाळलेल्या डुकरावर, बेडफर्डशरसारख्या भागात बायकांनी विणलेल्या लेसवर आणि हॅटसाठी वळलेल्या गवती वेण्यांवर. मुली जरा मोठ्या झाल्या की परक्या घरी कामाला जात.

१८५१ च्या जनगणनेच्या अहवालाने वर्गवारी करताना घर सांभाळणाऱ्या बायकोला निदान एक वर्ग तरी दिला होता. १८८१ ला तिची रवानगी ‘बिनव्यवसायी’ लोकांत झाली.

आणि गंमत नव्हे, संताप येतो तो पुढे. नवरा गेल्यावर काही विधवा धंदा चालवत राहिल्या. तेव्हा त्याच रकान्यात त्यांच्या नावापुढे सुतारकाम लिहिलेलं दिसतं, हाताखालच्या माणसांच्या आकड्यासकट. लाकडाचे भाव, गिऱ्हाइकांची थकबाकी, कोणता कारागीर कोणत्या कामाचा, हे सगळं त्यांना अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी कळलं, असं मला कुणी सांगू नये.