गार पाण्याच्या आंघोळीने शीतनिद्रा येत नाही

पुण्यात तळजाईवर, पर्वतीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपांत सध्या एक मेसेज फिरतोय: 'खारी, वटवाघळं थंडीत गाढ झोपतात, हृदय जवळजवळ थांबतं, म्हणून त्यांचं आयुष्य वाढतं. तुम्हीही पहाटे गार पाण्याने आंघोळ करा, उपाशी राहा, श्वास रोखून धरा; हृदयाला विश्रांती मिळेल.' या ग्रुपांत सत्तरीची, बायपास झालेली माणसं आहेत. म्हणून हे खोडून काढणं भाग आहे.

मुळात, थंडीने शरीर मंदावतं हे गृहीतकच उलटं आहे. शीतनिद्रेत जाणाऱ्या बिळातल्या खारी आधी चयापचय मंद करतात, ठोके उतरतात आणि मग शरीर हळूहळू गार होतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीराच्या तापमानाची पातळीच खाली आणतो, त्यामुळे खार कुडकुडत नाही. मिनिटाला दोनशेच्या वर असलेले ठोके पाच-सहावर येतात. अलास्कातल्या आर्क्टिक खारीचं शरीर उणे २.९ अंशांपर्यंत उतरल्याचं १९८९ साली प्रसिद्ध झालं, तरी ती गोठली नव्हती.

आपल्या अंगावर डिसेंबरात गार पाणी पडलं की हायपोथॅलॅमस बरोबर उलटं करतो. रक्तवाहिन्या आवळतात, कुडकुडी भरते, रक्तदाब चढतो. हृदयाला विश्रांती कुठली, कामच वाढतं! आणि माणसाचं शरीर खरोखर २८ अंशांखाली गेलं, तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो.

'गाढ झोप' हेही खरं नाही. दर एक-तीन आठवड्यांनी खार तपकिरी चरबी जाळून शरीर पुन्हा तापवते आणि मग त्या उबेत झोपते. तेव्हाचा मेंदूचा आलेख झोप न मिळालेल्या प्राण्यासारखा दिसतो. हिवाळ्यासाठी साठवलेली बहुतेक चरबी अशा जागं होण्यातच संपते. अमेरिकेत २००६ पासून पसरलेल्या बुरशीच्या रोगाने वटवाघळांना वारंवार जागं केलं. चरबी संपून लाखो मेली.

श्वासाचं म्हणाल, तर खारीची ऑक्सिजनची गरजच घटलेली असते, म्हणून ती क्वचित श्वास घेते. आपली गरज तेवढीच राहते.

उपवासाने उंदीर काही तास मंदावतो, हे खरं. माणूस मंदावत नाही. आपल्या अंगणातली पट्टेवाली खारसुद्धा शीतनिद्रेत जात नाही, जानेवारीतही ती झाडावर धावत असते.

पुण्यात पहाटे पारा दहाखाली असताना हृदयविकार असलेल्यांनी आंघोळीला कोमट पाणीच घ्यावं, आणि गोळ्यांच्या वेळा उपवासापायी चुकवू नयेत.