दोन मिन्टं पायजा जी

सुरुवातीलाच सांगतो, मी टोपल्या विकत नाही. गेल्या आठ दिवसांत हे वाक्य इतक्यांदा म्हणून झालं की आता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलंय. आमच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव त्याच रात्री बदललं. फोटोत मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसलोय, मांडीवर सूप, मागे जनरेटर. फोटो वकिलाने काढला. कुलफी खात खात काढला, हे जास्त लागलं.

डिसेंबरातला रविवार. अधिवेशनामुळे अर्ध्या शहरात बांबूचे कठडे लागलेले, त्यामुळे पश्चिम नागपुरातल्या त्या लॉनपर्यंत पोचायलाच पाऊण तास गेला. एरवी तिथे लग्नं लागतात, शनिवार-रविवार खाण्यापिण्याचा आणि हस्तकलेचा बाजार भरतो. डेंटिस्ट, वकील, विमेवाला आणि मी असे चौघं. आत जायचे माणशी ५० रुपये. मनगटाला एक कागदी पट्टी बांधली, जी निघेना म्हणून मी सोमवारी वर्गावर तशीच घालून गेलो. आत खाण्याच्या स्टॉलवर रोख चालत नाही, कूपन घ्यायचं, कमीत कमी ३०० चं, आणि उरलं तर परत नाही. जेवणाआधीच बिल देऊन टाकायचं, मग त्या बिलात बसेल तेवढी भूक लावून घ्यायची.

तर्रीबद्दल बोललो नाही तर मला झोप यायची नाही. तिथे तर्री पोहे १२० रुपये. ठीक. द्रोण सुपारीच्या पानाचा होता, त्याचे असतील. पण तर्री वेगळी! काचेच्या एवढ्याशा पेल्यात, पाटी ‘तर्री शॉट’, ६० रुपये. अरे, या गावात तर्रीचे पैसे कधी कोणी घेतले का? कोणत्याही चौकात ठेल्यावर उभं राहा, पोहे अर्धे झाले की प्लेट नुसती पुढे करायची, तो न बोलता हरभऱ्यासकट पळीभर ओततो. दुसऱ्यांदा केली तरी ओततो. तिसऱ्यांदा बघतो, पण ओततो. मी त्या पोराला म्हटलं, ‘भाऊ, थोडी तर्री अजून.’ तो म्हणाला, ‘सर, ॲड-ऑन आहे.’ बाजूच्या स्टॉलवर संत्र्याचा रस १५० रुपये, बाहेर रस्त्यावर आंबिया बहाराची संत्री हातगाडीवर ढिगाने पडलेली असताना. विमेवाल्याने दोन घेतले. तो कुठेही हप्ता भरतो.

हस्तकलेची मांडणी अशी होती की दारातून आत शिरताच सुगंधी मेणबत्त्या, मग रेझिनमध्ये बुडवलेली फुलं, मग ‘आई’ असं लिहिलेले मग. आणि हाताने खरोखर काही विणणारा माणूस शोधायचा तर पार शेवटी जायचं, जिथे फिरती शौचालयं आणि जनरेटर आहेत तिथे. गडचिरोलीकडचा एक बांबूवाला होता. सुपं, परड्या, डाल्या, झाकणाच्या टोपल्या, सगळं चटईवर. मला बरं वाटलं. मी वनस्पतीशास्त्र शिकवतो, बांबू दिसला की माझा पाय निघत नाही. शिवाय गुडघा दुखत होता आणि त्याच्याकडे स्टूल होतं. मित्र कुलफीच्या रांगेत गेले, मी बसलो.

पाच मिनिटांनी तो माणूस कानाशी येऊन अगदी हळू म्हणाला, ‘भाऊ, सकाळपासून एकटाच हाव. दोन मिन्टं पायजा जी.’ आणि शौचालयाच्या दिशेने जवळजवळ पळतच गेला. नाही कसं म्हणणार?

खादीचा कुर्ता घातला होता मी. हीच चूक.

‘भैया, ये टोकनी कैसी दी?’

वर पाहिलं. साठीच्या काकू, कोशाची साडी, वरून स्वेटर, पायात मोजे आणि चपला. मागे काका, दोन्ही हातांत पिशव्या. मी म्हटलं, ‘मॅडम, मेरी नहीं है.’

‘तुम्हारी नहीं है तो किसकी है?’

‘वो अभी आ रहे हैं.’

‘मतलब तुम नौकर हो.’

नागपुरात अनोळखी माणसाशी आधी हिंदीच बोलायचं, हा नियम कोणी केला ते माहीत नाही, पण आम्ही तो कायद्यापेक्षा काटेकोर पाळतो. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या महाल भागात राहिलेला माणूस पिढ्यान्‌पिढ्या महालात राहिलेल्या भाजीवाल्याला ‘सांभार कैसे दिया’ विचारतो. सांभार हा शब्दही मराठीच, म्हणजे कोथिंबीर, पण मध्ये ‘कैसे दिया’ हवंच. तर आम्ही दोघं तसेच हिंदीत झगडत होतो. शेवटी काकू वळून म्हणाल्या, ‘अहो, हा काही धड बोलतच नाही. बावळट दिसतो.’

‘काकू, मला मराठी येतं,’ मी म्हटलं.

‘अगंबाई, मराठी आहेस तू? मग आधी नाही का सांगायचं! कधीची हिंदी फाडून राहिली मी.’ आणि त्या क्षणापासून मी ‘अरे’ झालो. माझं वय ४१.

पुठ्ठ्यावर ४५० लिहिलं होतं. ‘हे साडेचारशे काय आहे?’

‘किंमत.’

‘एका टोपलीची?’

‘हो.’

‘बुधवार बाजारात दीडशेला मिळते.’

इथे मी गप्प बसायला हवं होतं. माल माझा नाही, नफा माझा नाही. पण वीस वर्षांची सवय, कोणी चुकीचं बोललं की तोंड आपोआप उघडतं. मी सांगायला लागलो. हा मानवेल बांबू आहे, भरीव असतो, म्हणून चिवट. तो फाडायचा, त्याच्या पट्ट्या काढायच्या, त्या तासायच्या, मग विणायच्या. झाकण नेमकं बसायला हवं तर वेगळीच मेहनत. बांबू म्हणजे मुळात झाड नाहीच, गवत आहे. गव्हाच्या, तांदळाच्या कुळातलं. १९२७ च्या वन कायद्यात मात्र तो झाड होता, त्यामुळे स्वतःच्या शेतातला तोडला तरी नेताना परवाना. २०१७ साली दुरुस्ती झाली तेव्हा कुठे वनाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून सुटला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला आपल्याच जंगलातला बांबू नेण्याचा परवाना मिळायला २०११ उजाडलं होतं. माझा आवाज चढला होता. जनरेटरमुळेही असेल.

काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, ‘म्हणजे गवत आहे.’

‘शास्त्रीयदृष्ट्या हो.’

‘अहो ऐकलं का? स्वतःच म्हणतो गवत आहे. गवताचे साडेचारशे!’

‘घेऊन टाक न,’ काका म्हणाले. संबंध प्रकरणात काका एवढं एकच वाक्य बोलले, पण तीनदा.

मग टोपलीची परीक्षा सुरू झाली. आधी वास घेतला. मग उलटी करून बुडाला टिचक्या मारल्या. मग काकांच्या हातातल्या पिशव्या खाली ठेवायला लावून, टोपली त्यांच्या दोन्ही तळव्यांवर ठेवली आणि स्वतः चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून पाहिली. त्यानंतर पर्स तिच्यात घालून झाकण लावलं, काढलं, लावलं. ‘बारा पोळ्या बसतील का?’

‘बसतील.’

‘माझ्या पोळ्या मोठ्या असतात.’

याला काय उत्तर आहे? त्यांनी खाण्याच्या स्टॉलवरून एक कागदी प्लेट मागवली. काका गेले, घेऊन आले. प्लेट आत गेली. त्यावर त्यांनी हाताने पोळी केवढी ते दाखवलं, ती प्लेटीच्या बाहेर चार बोटं. ‘पावडर नाही न पडणार? आमच्या एका सुपाची पडायची, पिवळी पिवळी.’

हा प्रश्न खरा चांगला होता आणि मला राहवलं नाही. ती पावडर म्हणजे भुंग्यांचं काम, त्यांना बांबूतला स्टार्च लागतो, म्हणून हिवाळ्यात तोडलेला बांबू टिकतो, तेव्हा स्टार्च कमी असतो. ‘मग हा केव्हा तोडलाय?’ मला काय माहीत! मी म्हटलं, ‘हिवाळ्यात.’ आयुष्यातलं माझं पहिलं दुकानदारी खोटं. जमलं.

काकूंनी माझ्याकडे पहिल्यांदा जरा कौतुकाने पाहिलं. ‘हुशार आहेस रे. शिकलास का काही? बारावी तरी?’

‘झालो.’

‘मग इथे काय करतोस? माझ्या भाच्याचं युनिट आहे हिंगण्याला, एमआयडीसीत. माणूस लागतो त्याला गेटवर. नंबर देऊन ठेवते.’

मी नंबर घेतला. काऊन घेतला, ते विचारू नका. एवढं मनापासून देत होत्या.

‘थांब, मुलीला दाखवते,’ म्हणत त्यांनी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. आधी टोपली दाखवली, मग झाकण, मग ‘आणि हा बघ, हा विकून राहिला, फार बोलतो’ म्हणत फोन माझ्या तोंडासमोर धरला.

पडद्यावरची मुलगी एकदम सरळ बसली. ‘सर?’

बीएस्सी दुसरं वर्ष, नऊ-दहा वर्षांपूर्वी. पहिल्या बाकावर बसायची, हर्बेरियम सुरेख केलं होतं. ‘आई, अगं ते आमचे बॉटनीचे सर आहेत!’

आता काकू ओशाळतील, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, मी त्यासाठी थोडा ताठही झालो. पण काकूंच्या चेहऱ्यावर आली ती दया. ‘अरे देवा. सर, तुम्ही तासिकेवाले का?’

त्यांच्या जावेचा मुलगा आहे म्हणे तासिका तत्त्वावर. त्यांना सगळं माहीत होतं. उन्हाळ्यात पैसे नाहीत, दिवाळीच्या सुट्टीत पैसे नाहीत, शिकवलेल्या तासांचं बिल कधी निघेल ते देव जाणे. ‘निघालं का यंदाचं?’

नाही निघालं. जुलैपासूनचं. त्या मुलीला शिकवत होतो तेव्हाही मी तासिकेवर होतो आणि आजही तासिकेवरच आहे. प्राध्यापकीची सेट परीक्षा झालेली आहे, पीएचडी झालेली आहे. दर डिसेंबरात यशवंत स्टेडियमपासून मोर्चा निघतो, आम्ही घोषणा देत चालतो, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला पोलीस अडवतात, एक निवेदन आत जातं आणि आम्ही बर्डीत चहा पिऊन घरी येतो. तीन वर्षं गेलो. यंदा गेलो नाही, गुडघ्यामुळे. हे सगळं जनरेटरशेजारी उभं राहून, एका विद्यार्थिनीच्या आईला, विद्यार्थिनी ऐकत असताना सांगायचं नव्हतं मला. सांगितलंही नाही. ‘निघेल,’ एवढंच म्हणालो.

‘घेऊन टाक न,’ काका म्हणाले. तिसऱ्यांदा.

काकूंनी पाचशेची नोट काढली. ‘सरांशी काय भाव करायचा!’ मी पन्नास परत द्यायला खिशात हात घातला तर माझा हात दाबून म्हणाल्या, ‘राहू द्या. वरचे तुमचे.’ आणि अचानक ‘अहो-जाहो’ करत, टोपली छातीशी धरून निघून गेल्या. दहा मिनिटांपूर्वी गवत होतं ते.

बक्षिसी. मला. मी तिथे नोट हातात धरून उभा, आणि समोर कुलफी घेऊन तिघं. ‘काऊन बे, धंदा टाकला का?’ याच वेळी तो फोटो. सूप मांडीवर कसं आलं ते मला आजही सांगता येत नाही. बहुतेक काकूंनी बाजूला सारताना दिलं असावं.

बांबूवाला परत आला तेव्हा अर्धा तास झाला होता. तिथेही रांग होती म्हणे. मी पाचशे त्याच्या हातात ठेवले आणि हिशेब सांगितला. त्याने शांतपणे कमरेच्या पिशवीतून पन्नासची नोट काढली आणि माझ्याकडे धरली. ‘तुमी इकली न. तुमचेच हाय.’ मी नको म्हटलं. त्याने अशा नजरेने पाहिलं की आता नाही म्हणणं म्हणजे त्याचा अपमान झाला असता. घेतली. अर्ध्या तासाचे पन्नास, जागेवर, रोख, बिल नाही, तीन प्रतींत अर्ज नाही, ‘सर, फाईल वर गेली आहे’ नाही. डेंटिस्ट म्हणाला, पार्टी दे. त्या पन्नासात तर्रीचा शॉटही येत नव्हता.

मंगळवारी त्या मुलीचा मेसेज आला. ‘सर, आईकडून सॉरी. तिला खरंच माहीत नव्हतं.’ मी लिहिलं, अगं काही हरकत नाही. मग बराच वेळ ती काहीतरी टाइप करत होती. ‘सर, आई विचारतेय, तशीच अजून एक मिळेल का? शेजारच्या काकूंना हवी आहे. भाव तोच लावा म्हणे.’

बांबूवाल्याचा नंबर मी त्या दिवशी घेऊन ठेवला होता. त्याला फोन केला, तो म्हणाला आहे, पाठवतो.

मी ४८० सांगितले.